पीटर, ससा आणि भीतीचं कारण

मुलांची भीती हा या सदराकडे येणाऱ्या पत्रांतला नेहमीचा विषय. कुणाचा मुलगा कुत्रा दिसला की रस्ता बदलतो, कुणाची मुलगी मिक्सर सुरू झाला की रडते. प्रश्न बहुतेकदा एकच: ‘हे कशामुळे झालं असेल?’ मूळ सापडलं की भीती जाईल, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रातल्या मोठ्या विचारप्रवाहांचं भांडणही याच मुळावरून झालं.

मनोविश्लेषक फ्रॉईडने १९०९ मध्ये व्हिएन्नातल्या पाच वर्षांच्या हान्सची हकिकत प्रसिद्ध केली. गाडीचा घोडा कोसळताना पाहिल्यापासून तो घोड्यांना भिऊ लागला होता. फ्रॉईडला त्या घोड्यात मुलाचे वडील दिसले. आईच्या ओढीतून उपजलेली वडिलांची धास्ती दिसली. पुढे १९६० मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक वोल्पे आणि रॅकमन यांनी विचारलं, डोळ्यांसमोर घोडा कोसळला, एवढं कारण पुरेसं का नाही?

वर्तन शिकण्यातून घडतं असं मानणारे वर्तनवादी वॉटसन यांनी तर १९२० मध्ये बाल्टिमोरला भीती तयारच करून दाखवली. अकरा महिन्यांच्या बाळापुढे पांढरा उंदीर ठेवायचा आणि बाळाने हात लावताच मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. थोड्याच दिवसांत बाळ नुसत्या उंदराला पाहून रडू लागलं. ती भीती न घालवताच त्याला जाऊ दिलं गेलं. हा प्रयोग निर्विकारपणे शिकवला जातो, याचा मला राग येतो.

मला महत्त्वाची वाटते ती मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स. तिने ज्याच्यावर उपचार केले तो पीटर तीन वर्षांचाही नव्हता. ससा, उंदीर, फरचा कोट, कापूस, सगळ्यांना भ्यायचा. भीती कुठून आली हे ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून तिचं अडलं नाही. सशाला न भिणाऱ्या मुलांसोबत तिने त्याला खेळायला बसवलं. सुधारणा दिसत असतानाच पीटर तापाने रुग्णालयात गेला. परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भीती पुन्हा उफाळली. मग जोन्सने दुसरी वाट धरली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, त्याचं खाणं थांबणार नाही इतक्याच अंतरावर. हळूहळू जवळ. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडत होता आणि पीटर शांत होता. हे सगळं १९२४ मध्ये छापून आलं. घाबरलेल्या मुलाच्या गतीने चालणं हे त्यातलं खरं शास्त्र आहे, असं मी मानते. मुलाला उचलून थेट कुत्र्यापुढे उभं करणाऱ्या काका-मामांनी हे वाचायला हवं.

जोन्सचंही सगळं उत्तर वर्तनवादात मावत नाही. धीट मुलांना पाहून शिकण्याचा धागा मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी पुढे साठच्या दशकात उचलला. त्यांच्याच क्षेत्रातल्या सेलिगमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की माणूस सापाला जितक्या सहज भिऊ लागतो तितका इतर अनेक धोक्यांना भीत नाही. म्हणजे उत्क्रांतीही इथे हजर आहे.

आणि घरही. जोन्सने पीटरच्या घराबद्दलही लिहून ठेवलं आहे. एका खोलीत राहणारं गरीब कुटुंब; बाहेर खेळणाऱ्या पीटरला आत बोलवायचं, तर कुणीतरी पळवून नेईल, अशी भीती आई त्याला घालायची. प्रयोगशाळेत सशाची भीती गेली, तरी घरी ‘बुवा येईल’ चालूच होतं. पत्र लिहिणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे: कारण शोधायचंच असेल, तर आधी आपण मुलाला घरात कसं बोलावतो ते आठवा.