गिलाव्याआडचे इमान

6 फेब्रुवारी 2023. तुर्कस्तानात पहाटे 4 वाजून 17 मिनिटांनी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, दुपारी 7.5 चा दुसरा. एकट्या तुर्कस्तानात 50 हजारांहून अधिक माणसे दगावली. भूकंप अल्लाहच्या हुकमाने येतो, यावर आमचा ईमान आहे. पण एकाच रस्त्यावरची एक इमारत उभी राहते आणि शेजारच्या इमारतीचा मजल्यावर मजला बसतो, हा फरक बहुतेक वेळा माणसाच्या हातचा असतो.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून त्यात सळया घालतात आणि सळयांभोवती आडव्या रिंगा बांधतात. जमीन हलली की खांब दोन्ही बाजूंना वाकतो, बाहेरचे काँक्रीट फुटते. रिंगा जवळजवळ असतील आणि त्यांची टोके आत वळवलेली असतील, तर खांबाचा गाभा टिकतो. रिंगा विरळ असतील, तर सळया बाहेर फुगतात आणि खांब चिरडला जातो.

दुसरा दोष तळमजल्याचा. वर घरांच्या भिंती, खाली पार्किंग किंवा मोकळी दुकाने; मग हेलकाव्याचा सारा भार खालच्या खांबांवर येतो. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात 200 किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती पडल्या.

नियम नव्हते असे नाही. रिंगांचे भारतीय मानक 1993 पासून आहे. तुर्कस्तानातही कडक नियम होते. तरी 2018 मध्ये तिथल्या सरकारने शुल्क घेऊन बेकायदा बांधकामांना माफी दिली. शुल्क भरल्याने खांब मजबूत होत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. गिलाव्याआडचा खांब हा तसाच ढीग आहे.

म्हणून घर बांधत असाल, तर खांब भरण्याआधी इंजिनिअरला बोलावून रिंगा दाखवा. खांबाच्या दोन्ही टोकांना त्यांच्यातले अंतर 100 मिलिमीटर, म्हणजे साधारण चार इंचांपेक्षा जास्त नको. दुकान मोठे करायला तळमजल्याची भिंत परस्पर पाडू नका. आणि आपल्यातले जे ठेकेदार आहेत, त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे: वाचवलेल्या सळईचा हिशेबही एक दिवस द्यायचा आहे.