विधी-अध्यापकांचे ऋण

चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी मुलीवरील अत्याचाराच्या मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये उच्च न्यायालयाची शिक्षा रद्द करून दोन पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून शरणागती आणि संमती यांतील भेद परखडपणे मांडला. निकाल फिरला नाही. परंतु देशभर जनमत जागृत झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात पीडितेने संमती नाकारल्यास न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे, हे तत्त्व आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. शोधनिबंध मोजून पदोन्नती देणाऱ्या विद्यापीठांनी ध्यानी घ्यावे, ते पत्र कोणत्याही पदासाठी लिहिलेले नव्हते.