उत्तर मागच्या पानावर नसतं

एम.एस्सी.चा निकाल लागला की डोणगावसारख्या गावात चार दिवस पेढे वाटले जातात. पाचव्या दिवशी चौकशी सुरू होते. 'आता पुढं काय?' तुम्ही सांगता, पीएचडी करायची म्हणतोय. मग ओसरीवर बसलेले आजोबा चष्मा वर सरकवत विचारतात, 'अजून किती वर्सं शिकशीन बाप्पा?'

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर देताना आपण अडखळतो. कारण पीएचडी म्हणजे नेमकं काय, तिथं दिवसभर काय करतात, पैसे मिळतात की भरावे लागतात, हे आपल्यालाही कुणी नीट सांगितलेलं नसतं. फॉर्म भरायच्या आधी ते माहीत असायला हवं.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. लोणारला तुम्ही शाळेच्या सहलीत गेलाच असाल. हे सरोवर उल्कापाताने झालं, हे आपण पाठ करून टाकलंय. पण हे एक वाक्य लिहिता यायला किती काळ लागला? ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं अनेक जण त्याला ज्वालामुखीचं मुख समजत होते. तळाशी छिद्रं पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध आला, तेव्हा उल्कापाताची बाजू भक्कम झाली. म्हणजे दीडशे वर्षं. वयाचंही तसंच. आधी ते सुमारे ५२ हजार वर्षं मानलं जात होतं. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीच्या मोजणीतून आकडा आला सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मात्र त्या पाण्याचे नमुने तपासले गेले आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचं समोर आलं.

पीएचडीचा स्वभाव हाच आहे. बी.एस्सी., एम.एस्सी.पर्यंत प्रत्येक गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं असतं. प्रॅक्टिकलचं रीडिंग किती यायला हवं, हे जर्नल लिहायच्या आधीच माहीत असतं. पीएचडीत ते मागचं पान फाडलेलं असतं. पीसीआर लावला आणि जेलवर पट्टीच दिसली नाही, तर चूक तुमची, केमिकलची, मशीनची की मुळातल्या कल्पनेची, हे तुम्हालाच शोधायचं असतं. नमुने दुसऱ्या शहरातल्या उपकरणावर पाठवून महिनाभर वाट बघायची आणि रिपोर्ट आला की कळायचं, पुन्हा करावं लागणार. आयुष्यभर पहिल्या वर्गात आलेल्या पोरापोरींना हाच धक्का सगळ्यात जास्त बसतो. आपण हुशार नव्हतोच की काय, असं वाटायला लागतं. तसं नसतं. प्रयोग फसणं हा तिथला रोजचा दिवस आहे. तो आधीपासून गृहीत धरून जा.

आता आजोबांचा प्रश्न. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. फेरनोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. मुलींना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय मुलींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा. लग्नाचं वय निघून जाईल म्हणून घरचे थांबवत असतील तर हा नियम दाखवा. घरी सांगताना मात्र 'तीन वर्षं' सांगू नका. विज्ञानात पाच वर्षं धरून चला. पहिले काही महिने कोर्सवर्कमध्ये जातात, मग दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती मांडायची असते.

पैशाचं काय? सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२ हजार, घरभाडं वेगळं. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात, हे नीट समजून घ्या. नुसत्या 'पीएचडी प्रवेश' गटात बसलात तर प्रवेशासाठी ते गुण वर्षभर चालतात, पण जेआरएफचे पैसे मिळत नाहीत. अशांनी आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. आणि फेलोशिप एक तारखेला खात्यात पडेलच, या भरवशावर खोली भाड्याने घेऊ नका. तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी असू द्या.

सगळ्यात मोठा निर्णय विषयाचा वाटतो, पण तितकाच मोठा निर्णय गाईडचा असतो. कमला सोहोनींची गोष्ट आठवा. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या अडून बसल्या आणि एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळवला. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन विज्ञानात असं यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांचा प्रबंध होता अवघ्या ४० पानांचा. जाडजूड प्रबंध म्हणजे मोठं काम, हा समज तेवढ्यानेच मोडावा.

नोबेल मिळवलेला माणूसही दार लावून घेऊ शकतो, म्हणून दाराआड काय आहे ते आधी विचारा. नाव नोंदवण्यापूर्वी त्या लॅबमध्ये जा आणि सिनियरांना चहाला बाहेर काढा. आतापर्यंत किती जणांची पीएचडी पूर्ण झाली? किती वर्षांत? आता ते कुठे आहेत? लागणारं उपकरण लॅबमध्येच आहे का? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? उत्तरं देताना सिनियर इकडेतिकडे बघायला लागले तर समजून घ्या. पैसे भरून पेपर छापून देणारे आणि प्रबंध लिहून देणारेही भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार.

नोकरीबद्दलही स्पष्ट बोलू. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, भरती रखडते आणि पीएचडी झालेली कितीतरी माणसं आजही तासिका तत्त्वावर शिकवतात. केवळ नोकरी नाही म्हणून पाच वर्षं काढायला पीएचडी करत असाल तर पाच वर्षांनी प्रश्न तिथंच उभा असेल आणि तुमचं वय वाढलेलं असेल. औषध कंपन्या, जालन्याच्या बियाणे कंपन्या, पेटंटचं काम, डेटाचं काम हे रस्ते पहिल्या वर्षापासून डोळ्यासमोर ठेवा. आणि दोन वर्षांनी वाटलं की हे आपलं नाही, तर बाहेर पडण्यात कमीपणा नाही.

मग करायची कुणी? ज्याला एखादा प्रश्न झोपू देत नाही त्याने. डोणगावचा असो की पुण्याचा, इंग्रजी अडखळत असो की फाडफाड, त्याने जरूर करावी. इंग्रजी वर्षभरात सुधारते. कुतूहल बाहेरून आणता येत नाही.

तुम्ही त्यातले आहात का, हे तपासायला एक सोपी परीक्षा आहे, फी नाही. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तुमच्या विषयातला एक निवडा. आठवडाभर रोज दहा पानं वाचा. सगळं कळणार नाही, कळायलाही नको. पण वाचताना 'इथं यांनी असं का केलं असेल?' असा प्रश्न वहीच्या कडेला लिहावासा वाटला, तर ओसरीवर जा आणि आजोबांना सांगा, 'पाच वर्सं लागतील, बाप्पा.'