स्टीअरिंग जड झाले, दोष कोणाचा?

डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात चेन्नईतील असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरले, गाड्या सुरू झाल्या; पण भिजलेल्या जोडण्यांवर चढणारा हिरवा गंज आपला प्रताप कित्येक महिन्यांनी दाखवतो. एके दिवशी समोरचा स्टीअरिंगचा दिवा पेटतो आणि स्टीअरिंग एकदम जड होते.

आजच्या बहुतेक मोटारींत स्टीअरिंग फिरवायला विजेची मोटर हातभार लावते. चालकाच्या हाताचा जोर सेन्सर मोजतो आणि कंट्रोल युनिट त्या बेताने मोटरला वीज पुरवते. बिघाड जाणवला की युनिट ही मदत तोडते. चाकांशी असलेला यांत्रिक सांधा शाबूत असल्याने गाडी वळते, पण अंगमेहनतीने. अशा वेळी ‘चालकाला गाडी आवरत नाही’ हा शेरा मारणे सोपे. आपल्या चालक बांधवांना तो नवा नाही!

स्कॅनर लावला की कोड येतो. कोड म्हणजे लक्षण, कारण नव्हे. तरीही त्यावर विसंबून महागडे युनिटच बदलले जाते. उभ्या गाडीचे स्टीअरिंग टोकापर्यंत फिरवताना ही मोटर कित्येक अँपिअर ओढते. बॅटरी थकलेली किंवा अर्थची तार सैल असेल, तर नेमके तेव्हाच व्होल्टेज कोसळते आणि निरपराध युनिट गुन्हेगार ठरते. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर ओहमवर ‘ठीक’ म्हणतो. म्हणून इंजिन चालू ठेवून, सहकाऱ्याला स्टीअरिंग फिरवायला लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि युनिटची अर्थ यांमधले व्होल्ट मोजावेत. तेथे अर्धा व्होल्ट दिसला तर आधी बोल्ट घासावा. सिग्नल खात्यातील आमच्या मंडळींना हे सांगायला नको. मात्र स्टीअरिंगखालच्या पिवळ्या वेष्टणातील तारांना मीटर लावू नये. त्या एअरबॅगच्या असतात.

या तपासणीला वेळ लागतो, आणि भाग बदलल्याचे बिल होते, तपासल्याचे होत नाही. चेन्नईच्या आसपास श्रीपेरुंबुदुर पट्ट्यात मोटारी बनतात. त्यांच्या वायरिंगचे नकाशे दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या हाती पडायला हवेत. आमच्या खात्यांच्या कार्यशाळांसाठीही आमची हीच मागणी आहे: नकाशे द्या, प्रशिक्षण द्या, तपासणीचा वेळ कामाच्या तासांत धरा. आणि चालकाची तक्रार लॉगबुकात त्याच्याच शब्दांत उतरवा: दिवा केव्हा पेटला, गाडी उभी होती की धावत होती, पाऊस होता की ऊन.