तात्यांची खोडी

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी यांविरुद्ध संप पुकारला. २३ फेब्रुवारीला बंड मिटले आणि शेकडो खलाशांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतलेच एक आमच्या कोकणातल्या गावचे पोस्टमन तात्या. बंडाच्या वेळी त्यांचे वय एकोणीस. आज माझे आहे तेवढेच!

आजोबा मुंबईला गिरणीत आणि आजीला अक्षरओळख नाही. त्यामुळे पत्रे तात्याच वाचून दाखवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डर थांबली. कार्ड आले तरी दोनच कोरड्या ओळी. तात्या मात्र ते दहा मिनिटे वाचत! त्यात आजीच्या तब्येतीची, गुरांची, परसातल्या फणसाचीही चौकशी असे. पुढे माझे वडील वाचायला शिकले, तेव्हा खोडी उघडकीस आली. आजी हसून म्हणाली, “माका तेव्हाच कळलेला. दोन ओळी वाचूक इतको वेळ लागता काय?”

कोणी म्हणेल, ही फसवणूक. पोस्टाच्या नियमात बसत नाही. मान्य! पण माणसासारखे जेवण मागणाऱ्या खलाशांनाही बेशिस्तच ठरवले गेले होते. नियमापेक्षा माणूस मोठा, ही तात्यांची खोड दोन्ही नोकऱ्यांत सुटली नाही. मला ती सद्गुणच वाटते.

तात्या आज नाहीत. ज्यांची पत्रे त्यांनी वाचली, त्यांना लिहिता येत नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मग त्यांच्याविषयी मी नाही लिहिणार, तर कोण?