गीझरचा लाल दिवा

घरखर्च : बिलवाचक

पुण्यातल्या वडगाव बुद्रुकच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, पावणेचारशे चौरस फुटांचा भाड्याचा फ्लॅट. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. पाइपचा गॅस त्या गल्लीत अजून आलेला नाही आणि घरात सिलिंडर ठेवायला घरमालकाची ना आहे. त्यामुळे स्वयंपाक इंडक्शनवर, अंघोळीचं पाणी गीझरवर, सगळा संसार एका मीटरवर. जानेवारी २०२५ चं बिल आलं २६८ युनिटांचं, रक्कम तीन हजारांच्या वर.

नेमक्या त्याच सुमारास सोलापूरहून चार दिवसांसाठी सासूबाई आल्या होत्या. त्यांनी आकडा ऐकला आणि त्याच संध्याकाळी मोहीम उघडली. "अगं, त्या खोलीत कुणी नाही, दिवा कुणासाठी?" असं म्हणत त्या घरभर बटणं बंद करत फिरू लागल्या. बाथरूमबाहेर गीझरच्या बटणावरचा लाल दिवा मात्र पहाटे साडेपाचला लागलेला, तो दुपारी चारलाही तसाच होता. तो काही कुणाला 'दिवा' वाटत नव्हता.

सासूबाईंचं चुकत होतं असं नाही. त्यांचा हिशोब जुना होता. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला की महिन्याला ९ युनिटं खायचा. घरात असे पाच असले की ४५ युनिटं, आणि त्या काळातल्या घराचं सगळं बिलच शंभरेक युनिटांचं. तेव्हा दिवा मालवणं ही खरीखुरी बचत होती. पण जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची 'उजाला' योजना आली, एलईडी स्वस्त झाले, आणि आज नऊ वॅटचे पाच दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला ७ युनिटंसुद्धा होत नाहीत. वडगावच्या त्या घराने महिनाभर अंधारात बसायचं ठरवलं असतं, तर वाचले असते नव्वद-पंच्याण्णव रुपये.

मग उरलेली २६० युनिटं गेली कुठे? बिलावर हे कधीच लिहिलेलं नसतं. किराण्याच्या यादीत साखर किती, तेल किती हे कळतं. विजेच्या बिलात एकच आकडा येतो आणि घरातली माणसं एकमेकांकडे संशयाने बघतात. या घरात संशय होता इंडक्शनवर, कारण त्याच्यावर ठळक अक्षरांत २००० वॅट लिहिलेलं. वॅट म्हणजे वीज खाण्याचा वेग. किती खाल्लं ते वेळेवर ठरतं, हे शाळेत शिकूनही बिल हातात आलं की विसरायला होतं. हिशोब मांडल्यावर जानेवारीत इंडक्शनने घेतली साधारण ६० युनिटं. दोन लॅपटॉपनी पंचवीसच्या आसपास, जुन्या फ्रीजनेही तेवढीच. इस्त्री, टीव्ही, पंखे, वॉशिंग मशीन यांनी मिळून पन्नासेक. आणि गीझरने एकट्याने शंभराच्या वर.

पाणी तापवणं हे घरातलं सगळ्यात जड काम आहे. पुण्याच्या थंडीत नळाचं पाणी वीसेक अंशांचं असतं, अंघोळीला लागतं चाळीस अंशांचं. पंधरा लिटरची एक बादली एवढी तापवायला एक तृतीयांश युनिट पुरतं. शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की साठ लिटर सहज जातात, म्हणजे जवळपास दीड युनिट. माणसं दोन, दिवस तीस; युनिटं चौऱ्याऐंशी. त्यात दिवसभर चालू ठेवलेल्या टाकीचा झिरपा. लाल दिवा जळतो म्हणजे आतली कॉइल सतत तापते असं नाही; पण टाकी हळूहळू थंड होते, थर्मोस्टॅट तिला पुन्हा तापवतो, पुन्हा ती थंड होते. ज्या पाण्याने कुणीच अंघोळ करणार नाही, ते दिवसभर गरम ठेवण्यात महिन्याला पंधरा-वीस युनिटं जातात. नव्या गीझरच्या तारे असलेल्या लेबलवर टाकी चोवीस तासांत किती वीज नुसती गमावते हा आकडाही छापलेला असतो. दुकानात उभं राहून तो वाचणारं गिऱ्हाईक दुर्मीळ. तिथे चर्चा चालते ती टाकीच्या रंगाची.

गीझरबद्दल दोन समजुती मात्र काढून टाकायला हव्यात. तीन हजार वॅटचा छोटा इन्स्टंट गीझर जास्त वीज खातो, ही एक. तेवढंच पाणी तेवढंच गरम करायला वीज तेवढीच लागते. उलट त्याला मोठी टाकी नसल्याने झिरपा जवळजवळ नाही. अडचण एवढीच, की तो आणि इंडक्शन एकाच वेळी लावले की जुन्या वायरिंगच्या घरात एमसीबी पडतो आणि साबण लावलेला माणूस आतून हाका मारतो. दुसरी समजूत अशी, की कॉइलवर क्षार बसले म्हणून बिल वाढतं. टँकरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढतो हे खरं. पण कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता पाण्याखेरीज जाणार कुठे? क्षारांनी बिल फारसं वाढत नाही, कॉइल जळते. तो खर्च वेगळा, आणि भाड्याच्या घरात तो कुणी करायचा यावर वादही ठरलेला.

आता दराकडे. किराणा दुकानात जास्त माल घेतला की भाव थोडा उतरतो. महाराष्ट्रातली घरगुती वीज उलट्या न्यायाने विकली जाते. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे दर होता, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, आणि ३०१ ते ५०० युनिटांना १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दर बदलले, पण टप्प्यांची ही शिडी तशीच आहे. म्हणजे वडगावच्या घराने एक युनिट वाचवलं तर ते वरच्या पायरीवरून वाचतं. त्याची किंमत बिलाच्या सरासरीने नाही, २०२४-२५ च्या दराने सव्वातेरा रुपयांनी मोजायची. शॉवरऐवजी बादली आणि सकाळी फक्त पंधरा-वीस मिनिटं गीझर एवढ्यावर सत्तरहून अधिक युनिटं, म्हणजे हजाराच्या आसपास रुपये वाचतात. घरभर बटणं बंद करत फिरायला नको.

याच शिडीवर एकत्र राहणारी पोरं घसरतात. एका फ्लॅटमध्ये चौघं, मीटर एक. चौघांची युनिटं एकाच खात्यावर चढत जातात आणि पहिल्या शंभरांची स्वस्ताई चौघांत वाटली की माणशी पंचवीस युनिटं येते. काही ठिकाणी घरमालक खोलीला वेगळा सबमीटर बसवून सरसकट बारा रुपये युनिट लावतो. पहिल्या पायरीचा फायदा मग भाडेकरूच्या खिशात पोहोचतच नाही.

विजेवरच्या स्वयंपाकात मात्र दोष फक्त वापरणाऱ्याचा नाही. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरमध्ये जेवढं शिजतं तेवढंच इंडक्शनवर शिजवायला साधारण १३५ युनिटं लागतात. २०२४-२५ मधल्या पहिल्या पायरीच्या दराने ती शुल्कासह नऊशे-सव्वानऊशेला पडायची; वरच्या पायरीच्या दराने अठराशेला. जानेवारी २०२५ मध्ये सिलिंडर आठशेच्या घरात होता. शंभर युनिटांची पायरी ज्या घराकडे बघून ठरली आहे त्या घरात गॅस गृहीत आहे. विजेवर फक्त दिवे, पंखे, फ्रीज, टीव्ही. ज्याच्याकडे गॅसच नाही त्याची चूलही त्याच शंभरात बसवायची. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये 'गो इलेक्ट्रिक' मोहीम सुरू केली तेव्हा विजेच्या शेगडीचाही पुरस्कार केला होता. आयात गॅसवरचा भार हलका करायचा तर ते योग्यच. मग विजेवर स्वयंपाक करणाऱ्या घराला, गॅस जोडणी नाही हे तपासून, पहिली पायरी शंभराऐवजी दीडशेची द्यायला काय हरकत आहे? वीज नियामक आयोगासमोरच्या सुनावण्यांत उद्योगांचं, शेतीपंपांचं, यंत्रमागांचं म्हणणं मांडणारे असतात. वन रूम किचनमधल्या इंडक्शनचं म्हणणं मांडायलाही कुणीतरी उभं राहायला हवं.

तोवर जे हातात आहे ते असं. इंडक्शनवर एक लिटर पाणी उकळायला एक दशांश युनिट लागतं, तेव्हा चहावरून घरात भांडू नये. वीज जाते ती भांड्याच्या बुडात. बूड सपाट नसेल, मधून फुगलेलं असेल तर शेगडी कुथत राहते. लोहचुंबक चिकटत नाही ते भांडं चालतच नाही. म्हणून आजीची ॲल्युमिनियमची पातेली माळ्यावर गेली आणि काहींनी त्यांच्यासाठी काच तापवणारी इन्फ्रारेड शेगडी आणली. ती भांड्याआधी स्वतः तापते, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, आणि त्या उष्णतेचे पैसे लागतातच. हरभरे, राजमा रात्री भिजवणं, तुरीची डाळ अर्धा तास आधी भिजवणं आणि कुकरला वाफ धरली की १६०० वरून ४०० वर येणं, एवढं जमलं की पुरे. भाकरीचा प्रश्न मात्र सुटत नाही. ज्वाळेवर टम्म फुगणारी भाकरी इंडक्शनच्या तव्यावर फडक्याने दाबून दाबून फुगवावी लागते. सासूबाईंनी एकदा करून पाहिली, आणि "ही तुमची शेगडी भाकरीची न्हाई" असा निकाल देऊन पुढचे तीन दिवस पोळ्याच लाटल्या.

तरी खरी मजा आली ती मीटर बघताना. मीटर तळमजल्यावर जिन्याखाली, जाळीच्या मागे. त्यावर एक छोटा तांबडा ठिपका लुकलुकत असतो. या मीटरवर छापलं होतं, एका युनिटाला ३२०० ठोके. दोन ठोक्यांमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या आकड्याने भागायचं. त्या क्षणाला घर किती वॅट ओढतंय ते कळतं. रात्री साडेनऊला सूनबाई फोन घेऊन खाली गेल्या, सासूबाई वर.

"आई, फ्रीजचं बटण बंद केलं का?"

"केलं गं. पंखा पण केला. आता काय, श्वास बंद करू?"

घरात सगळं बंद, आणि खाली ठिपका तरी दर चाळीस सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे अठ्ठावीस वॅट. सासूबाईंनी टीव्हीमागचा बोर्ड बंद केला. सेट-टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' होता, पण आतून जागा होता. ठिपका लांबला. मग वायफायचा डबा, मग प्लगला लोंबकळणारे लॅपटॉपचे चार्जर. अठ्ठावीस वॅट दिवसरात्र म्हणजे महिन्याला २० युनिटं. वरच्या पायरीने दोनशे पासष्ट रुपये, कुणी काही न बघता, न ऐकता, न खाता. राउटर चालू ठेवणं भागच होतं. बाकीच्यांसाठी बटणांची एक पट्टी आली, दीडशे रुपयांची.

जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैसे सवलत सुरू झाली. घरून काम करणाऱ्यांनी कपडे, इस्त्री, दुपारचा स्वयंपाक त्या वेळेत बसवला तर महिन्याला साठेक युनिटं सरकतात, वाचतात अठ्ठेचाळीस रुपये. अमृततुल्यावरचे चार चहा. घ्यावी, पण तिच्यासाठी दिनक्रमाची ओढाताण करू नये. अंघोळ तर बहुतेक घरांत नऊच्या आत उरकतेच.

एसीची बात वेगळी, आणि या फ्लॅटमध्ये तो नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना एवढंच, की १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी आपसूक २४ अंशांवर सुरू होतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशोबाने त्यापुढे वाढवलेला प्रत्येक अंश सुमारे सहा टक्के वीज वाचवतो. आणि तो अठरावर लावून अंगावर गोधडी घेणारे लोक आहेत.

फेब्रुवारीचं बिल १८४ युनिटांचं आलं, दोन हजारांच्या आत. मार्च लागला तशी गीझरची गरज संपली आणि पंख्यांची पाळी आली. छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा. बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास वॅटवर तेवढाच वारा देतो. रोज चौदा तास फिरला तर महिन्याला १९ युनिटं, अडीचशे रुपये वाचतात. पंख्याची किंमत तीन हजार. नवऱ्याने घरमालकाला विचारून पाहिलं. पंखा घरमालकाचा, बिल भाडेकरूचं. उत्तर काय येणार ते ठरलेलंच होतं. "जुना फिरतोय ना? मग?"

शेवटी त्यांनी हॉलपुरता एक पंखा स्वतः घेतला. घरमालकाचा पंखा, त्याची तीन पाती वेगळी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. घर सोडताना तो पुन्हा लावायचा आणि आपला काढून न्यायचा, असं ठरलंय. स्क्रू हरवू नयेत म्हणून ते एका रिकाम्या इनोच्या बाटलीत घालून सूनबाईंनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आहे : 'मालकांचा पंखा'.