पाणी किती आहे?

क्लबच्या पूलमध्ये न थांबता वीस लॅप्स मारता? ग्रेट. डोंगरातल्या ओढ्यात त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे हातपाय मारत बसायचं नसतं. पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे, समोर येणारा दगड पायाने ढकलायचा आणि शांत पाणी दिसलं की तिकडे सुटायचं. हे ज्ञान माझ्या मित्राचं. हा पठ्ठ्या सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग करतो, ऋषिकेशला दोन सीझन कयाकिंग शिकून आलाय आणि उलटी झालेली कयाक आत बसल्या बसल्या कमरेच्या झटक्याने सुलटी करतो. यंदा त्याच्या डोक्यात भरलं, की सह्याद्रीतला एक ओढा कयाकने उतरायचा. पाण्यात तिघे, आणि काठावर दोरी घेऊन मी. म्हणजे मित्रांच्या जिवाची दोरी, लिटरली, माझ्या हातात. त्यामुळे प्लॅनिंगमध्ये नाक खुपसायचा मला फुल हक्क होता.

पहिला प्रश्न अर्थातच, 'कोलाड काय वाईट आहे?' वाईट काहीच नाही. नद्यांच्या एक ते सहा अशा श्रेण्या असतात, त्यात कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्यात मोडते, नवख्यांसाठी मस्त. पण कुंडलिकेची खरी गंमत वेगळीच आहे. मुळशीचं पाणी खरं तर भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. १९२७ पासून ते डोंगरातून पाइपाने खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत उतरतं. (या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते. राफ्टमध्ये बसून किंचाळताना हे कुणाला आठवत नाही, मलाही आठवलं नव्हतं.) सकाळी पाणी सुटतं, राफ्ट त्याच्यावर स्वार होतात. थोडक्यात, तिथल्या पाण्याला टाइमटेबल आहे. ते ज्यांना माहीत नसतं, त्यांचं काय होतं हे हिमाचलात दिसलं. जून २०१४ मध्ये ब्यास नदीच्या पात्रात फोटो काढत उभे असलेले हैदराबादचे २४ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले.

ओढ्याला टाइमटेबल नसतं. वर घाटमाथ्यावर ढग रिकामा झाला, की खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढतं. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, ती अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात.

आपल्या ओढ्यांचा एक मोठा प्लस पॉइंट मात्र आहे, जो बारमाही हिमालयन नद्यांना नाही. ते उन्हाळ्यात कोरडे पडतात! म्हणून आम्ही मे महिन्यात, टोपी आणि ताकाची बाटली घेऊन, तो अख्खा ओढा तळातून चालत उतरलो. पाण्याखाली काय दडलेलं असतं ते असं उघड्यावर बघायला मिळणं म्हणजे पेपर आधीच फुटल्यासारखं. एका ठिकाणी मोठा दगड खालून पोखरलेला, आत माणूस सहज अडकेल एवढी पोकळी. एका वळणावर आडवं पडलेलं उंबराचं झाड. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस चाळणीत अडकल्यासारखा तिथेच राहतो. पुढे कुणाच्या तरी शेताचं तारेचं कुंपण थेट पात्रातून गेलेलं. मित्राने प्रत्येक जागेचा फोटो काढून नकाशावर खुणा केल्या. कुठे उतरून कयाक खांद्यावर घ्यायची, कुठून रस्त्यावर निघता येतं, सगळं.

आणि मग बंधारा. जेमतेम छातीएवढा, गावाने बांधलेला, अगदी निरागस. मी म्हटलं, यावरून तर उडी मारता येईल. मित्राचा चेहरा एकदम सीरियस. त्याच्या मते त्या ओढ्यातली सगळ्यात डेंजर जागा तीच. बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी खाली तळाशी जातं, पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा मागे, भिंतीकडे वळतं. त्या चक्रात सापडलेला माणूस भिंतीपाशी खेचला जातो, खाली जातो, वर येतो, परत खेचला जातो. धबधब्यात निदान कुठेतरी फट असते. बंधारा काठापासून काठापर्यंत सरळ, सुटायला जागाच नाही. लाइफ जॅकेट घातलेली माणसंही अशा ठिकाणी बुडतात. तेव्हा बंधारा दिसला, की कयाक बाहेर. डिस्कशन नाही.

मग हिशेब पाण्याचा. पेपरात आपण 'धरणातून हजार क्युसेक विसर्ग' असं वाचतो आणि पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ टन पाणी. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की धक्का चौपट होतो. म्हणून गुडघ्याच्या वर वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय दगडाच्या फटीत अडकला, की पाणी माणसाला पुढे झोपवतं. ओढ्यावर कुणी मीटर लावलेला नसतो, तेव्हा आम्ही फरशी पुलाच्या खांबावर खडूने नव्हे, ऑइल पेंटने एक रेघ मारली. पाणी रेघेच्या वर असेल तर घरी. रेघ मे महिन्यात, डोकं थंड असताना ठरवलेली, हे महत्त्वाचं.

माझा स्वतःचा अभ्यास दोरीचा. पिशवीत भरलेली वीस मीटरची तरंगणारी दोरी, ती बुडणाऱ्याच्या अंगावरून पलीकडे पडेल अशी फेकायची. हाताला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची तर अजिबात नाही. आणि उभं अशा जागी राहायचं, की दोरी पकडलेला माणूस झोका घेत शांत पाण्यात येईल, झाडात नाही. दोन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादलीवर नेम धरला. वॉचमनकाका काही बोलले नाहीत, पण बघायचे!

बाकी यादी छोटी आहे. हेल्मेट, मापाचं जॅकेट, शिट्टी. शिट्टी तीनदा म्हणजे इमर्जन्सी, पॅडल उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, कारण पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. कारची किल्ली काठावरच्या माणसाकडे. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवणं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरायला बंदी घालतात, ती आहे का ते बघणं. रेंज कुठपर्यंत आहे, १०८ ला फोन कुठून लागेल, हे चालत जाऊन तपासणं. ओढ्याचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही, रागावू नका.

जुलैतल्या रविवारी पहाटे पुलावर पोहोचलो, तेव्हा पाणी रेघेच्या चार बोटं वर होतं. चारच बोटं! तिघांपैकी एक म्हणाला, 'एवढ्याने काय होतंय यार, एवढ्या लांब आलोय.' मित्र खांबाकडे बघत गप्प. दोन महिने तो या दिवसासाठी जगत होता, मला माहीत होतं. मी म्हटलं, 'मी दोरी काढणार नाही.' काठावर माणूस नसेल तर उतरायचं नाही, हा नियम त्याचाच होता. अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही. तेवढ्यात पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला आणि रेघ अजून वीतभर खाली गेली.

मग टपरीवर चहा, गरम वडे, आणि कयाक टपावर तशाच बांधलेल्या. मित्र गाडीत बसल्यावरच बोलला. सप्टेंबरात, सलग दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा यायचं. आणि त्याआधी कुणीतरी येऊन ते उंबराचं झाड अजून तिथेच आहे, की सरकलं, हे बघून जायचं. ते काम बहुतेक माझ्याच गळ्यात पडणार.